विमलबाईंची नावांची वही

एकोणीसशे सत्तावन्न साली कासारवाडीत आपल्या नवऱ्याचं नाव तोंडाने घेईल अशी एकही बाई नव्हती. सासऱ्याचं आणि थोरल्या दिराचं नाव तर त्याहूनही लांब. यात काही अडचण आहे असं गावात कुणाला वाटत नव्हतं. ती अडचण आहे हे पहिल्यांदा विमलबाईंना कळलं, आणि तेही त्यांचा साक्षरतेचा वर्ग सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी.

विमलबाई म्हणजे रेल्वेच्या फाटकावर नोकरीला असलेल्या दत्तोबांची धाकटी बहीण. मूळ गाव कोकणातलं, चिपळूणच्या अंगाचं. सतराव्या वर्षी लग्न झालं, एकविसाव्या वर्षी नवरा गेला, आणि पुढची नऊ वर्षं त्यांनी दिराच्या घरी भात लावण्यात, कापण्यात आणि कांडण्यात काढली. दत्तोबांनी त्यांना चार महिन्यांसाठी म्हणून आणलं होतं. दिराचं दर महिन्याला पत्र यायचं की इथे माणूस कमी पडतंय, वहिनीला लवकर पाठवा. त्या बुटक्या आणि सावळ्या होत्या. उन्हाळा असो की पावसाळा, हातात छत्री असायची. आवाज कधी चढत नसे, पण त्यांनी "बसा" म्हटलं की बसलेलं माणूस त्यांनी सांगितल्याशिवाय उठत नसे. लग्नाआधी त्या व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्या होत्या आणि सातवीच्या त्या परीक्षेचं सर्टिफिकेट त्यांनी इतकी वर्षं लुगड्याच्या घडीत जपलं होतं.

त्या वर्षी समाजशिक्षणाच्या कचेरीने बायकांसाठी साक्षरतेचे वर्ग काढायचं ठरवलं. विमलबाईंनी अर्ज केला. उत्तर आलं ते असं, की वर्ग सहा महिने परीक्षेवर चालेल. शेवटी साहेब येऊन प्रत्येक बाईला उभं करतील आणि पुस्तकातलं पान मोठ्याने वाचून घेतील. किमान दहा जणी उतरल्या तर वर्ग कायम आणि शिकवणाऱ्या बाईंची नेमणूकही कायम. नाही उतरल्या तर वर्ग बंद. विमलबाईंच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. वर्ग टिकला तर त्या कासारवाडीत राहणार. नाही टिकला तर चैत्रात दीर येऊन त्यांना घेऊन जाणार. हे त्यांनी मला अगदी शांतपणे, उद्या बाजाराचा दिवस आहे असं सांगावं तसं सांगितलं होतं.

मी तेव्हा कासारवाडीच्या शाळेत दुसरी आणि तिसरीचे वर्ग एकत्र सांभाळत होतो. शाळेची मागची खोली दुपारी दोन ते चार विमलबाईंना दिली होती. माझ्या आणि त्यांच्या खोलीमध्ये भिंत म्हणून नुसत्या फळ्या ठोकल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याकडचं सगळं मला ऐकू यायचं आणि माझ्याकडचे पाढे त्यांना.

दसऱ्यानंतर वर्ग सुरू झाला तेव्हा तेरा बायका आल्या; चौदावी पुढे महिनाभराने आली. बहुतेक गावातल्या जुन्या शेतकरी घरांतल्या, तीन-चार जणी पिंपरीच्या नव्या कारखान्यात कामाला लागलेल्या बाहेरगावच्या माणसांच्या. तिसऱ्या दिवशी कचेरीकडून छापील पुस्तकं आली. पहिल्या धड्यातलं पहिलं वाक्य होतं, 'बबन बस.' पुस्तक लिहिणाऱ्याचा विचार बरोबर होता. नाव सोपं, जोडाक्षर नाही, काना-मात्राही नाही. पहिल्या बाकावर सावित्रीबाई बसल्या होत्या. विमलबाईंनी त्यांना उभं केलं. सावित्रीबाई पुस्तकाकडे बघत राहिल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांच्या नवऱ्याचं नाव बबन होतं.

"अहो सावित्रीबाई, वाचा ना," विमलबाई म्हणाल्या.

"कसं वाचू बाई? नावच घ्याया येत न्हाई, आन वरनं त्यांना 'बस' म्हणायचं?"

वर्गात हशा पिकला. मग कुणीतरी तोड काढली की उखाणा घ्यावा. नाव घ्यायचं असेल तर उखाण्यात घ्यायला हरकत नाही, हे तर सगळ्यांना माहीत होतं. सावित्रीबाईंनी पदर सावरला आणि म्हटलं, "पवनेच्या काठी लुगडं ठेवलं घडी घालून, बबनरावांचं नाव घेते बाईंचा मान ठेवून," आणि मग हलकेच, "बसा." पुढच्या वाक्यात बबन पुन्हा आला. सावित्रीबाई म्हणाल्या, "राजगिऱ्याचा लाडू खाल्ला अर्धा फोडून, बबनराव बसलेत धड्यात शेतावरचं काम सोडून." माझ्या खोलीतली मुलं फळ्यांना कान लावून बसली होती, आणि खरं सांगायचं तर मीही. पण त्या एका पानावर बबन अकरा वेळा होता, आणि सावित्रीबाईंचे उखाणे पाचव्या वाक्याला संपले. चार वाजले तेव्हा धडा अर्धा झाला होता.

दुसऱ्या पानावर सोपान होता. तिथे दोन जणी अडल्या. सोजराबाई तर त्याहून वेगळ्याच ठिकाणी अडल्या. या सोजराबाई म्हणजे वर्गातल्या सगळ्यांत बोलक्या, पन्नाशीच्या, गावात ज्यांच्या शब्दाला वजन होतं अशा. त्यांच्या सासऱ्याचं नाव चिमाजी. ते जाऊन वीस वर्षं झाली होती, पण सोजराबाई अजून चिमणीला चिमणी म्हणत नसत, 'भुरकं पाखरू' म्हणत. तक्त्यावरच्या 'च'पाशी चिमणीचं चित्र होतं. सोजराबाई रोज मोठ्याने वाचायच्या, "च, भुरक्या पाखराचा."

हे विमलबाईंनी दोन दिवस चालू दिलं आणि तिसऱ्या दिवशी थांबवलं. त्यांचं म्हणणं होतं, की जे लिहिलंय तेच वाचायचं. लिहिलंय एक आणि तोंडाने म्हटलं दुसरं, की अक्षराची आणि तोंडाची गाठ पडत नाही. मग ते वाचणं नव्हे, ओळखीने बोलणं झालं. "तुम्ही तुमची रीत मोडू नका," त्या बायकांना म्हणाल्या, "मी पुस्तक बदलते."

त्या संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. कचेरीला पत्र लिहून आपण स्वतः केलेलं हस्तलिखित पुस्तक वापरायला परवानगी मागायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पत्र मी लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की अक्षरं आणि शब्दांची संख्या छापील पुस्तकाएवढी असेल तर हरकत नाही, पण मग परीक्षाही त्याच पुस्तकावर होईल. विमलबाईंना तेवढंच हवं होतं. माझं अक्षर बरं होतं, म्हणून नकला करायचं काम माझ्याकडे आलं.

गोष्ट त्यांच्या डोक्यात तयार होती. एक शेतकरी, त्याची बायको, दोन बैल, आणि पिंपरीच्या बाजाराला जाताना वाटेत निखळलेलं गाडीचं चाक. फक्त शेतकऱ्याला नाव नव्हतं. नाव असं हवं होतं की जे वर्गातल्या कुठल्याच बाईच्या नवऱ्याचं, सासऱ्याचं किंवा थोरल्या दिराचं नसेल. त्यासाठी आधी सगळ्यांची नावं माहीत हवीत. आणि जिच्या घरचं नाव ती तर सांगू शकत नाही. त्यांच्या घरी पुरुषांना विचारायला जावं, तर एका विधवा बाईने दारोदार जाऊन पुरुषांची नावं विचारणं बरं दिसलं नसतं.

विमलबाईंनी यावर काढलेली युक्ती मला अजूनही आठवते. त्यांनी सगळ्या बायकांना गोल बसवलं आणि प्रत्येकीला तिच्या उजव्या हाताला बसलेल्या बाईच्या घरातली नावं सांगायला लावली. दुसरीच्या नवऱ्याचं नाव घ्यायला कुणालाच अडचण नव्हती. उलट त्यात सगळ्यांना भारी मजा वाटायला लागली. नवरे झाले, सासरे झाले, दीर झाले, मग त्यांची घरात हाक मारायची नावं, आणि मग त्यांना गावाने ठेवलेली नावंही निघाली, जी इथे लिहीत नाही. विमलबाई सगळं एका वहीत लिहून घेत होत्या. दोन दिवसांत वही भरत आली. त्या वहीत कासारवाडीचे सगळे कर्ते पुरुष होते, आणि त्यांतल्या एकालाही याचा पत्ता नव्हता.

मग नाव निवडायला घेतलं आणि लक्षात आलं की गावात नाव उरलेलंच नाही. देवांची आणि संतांची सगळी नावं कुणा ना कुणाच्या घरी गेलेली होती. विमलबाईंनी मग कुठेच नसलेलं नाव आणलं. एके दिवशी वर्गात म्हणाल्या, "आपल्या शेतकऱ्याचं नाव मकरंद."

मग सोजराबाईंनी विचारलं, "ह्यो मकरंद नांगर धरतो?"

"धरतो की."

"त्याच्या हातात कुणी दिला?"

सगळ्या हसल्या. सावित्रीबाई म्हणाल्या की हे पुण्याच्या वकिलाचं नाव वाटतं, त्याच्या गाडीचं चाक निखळलं तर तो खाली उतरायचाही नाही. दुसऱ्या दिवशी विमलबाईंनी शरद हे नाव आणलं. सोजराबाईंच्या मते शरदला बैल भ्याले नसते. तिसऱ्या दिवशी रमण आला. त्याच्याबद्दल असं ठरलं, की हा बायकोला घेऊन बाजाराला जाणार नाही, एकटाच जाईल.

मी हे फळ्यांपलीकडून ऐकत होतो. मला तोपर्यंत वाटत होतं की गोष्टीतल्या माणसाला नाव देणं म्हणजे काय, कुठलंही द्यावं. या तेरा बायकांनी आयुष्यात एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण कुठलं नाव कुठल्या अंगाला बसतं हे त्यांना शिंप्यासारखं कळत होतं. विमलबाईही ते ऐकून घेत होत्या. नाव नाकारलं की त्या शांतपणे वहीत त्याच्यावर रेघ मारायच्या आणि विचारायच्या, "का बसत नाही, ते सांगा." मग बायका सांगायच्या. नाव उन्हात वावरलेलं पाहिजे. हाक मारली तर शेताच्या पलीकडच्या बांधापर्यंत जायला पाहिजे. आणि म्हाताऱ्या बाईला 'अरे' लावून घेता यायला पाहिजे.

शेवटी सोजराबाईंनीच आबाजी हे नाव काढलं. गावात एक आबाजी होऊन गेला होता, पण तो एकुलता एक आणि बिनलग्नाचा मेला, त्यामुळे तो कुणाचा सासरा नव्हता की दीर नव्हता. वहीतही दुसरा आबाजी नव्हता. "आबाजी चालंल," सोजराबाई म्हणाल्या. "बैलामागं उभा दिसतो." जोडाक्षर नव्हतं, अक्षरं सोपी होती. आबाजीच्या बायकोचं नाव इंद्रायणी ठेवायचं विमलबाईंच्या मनात होतं, पण त्यातलं जोडाक्षर आडवं आलं आणि ती नुसती कमळा झाली. मी चौदा प्रती लिहिल्या. पहिलं वाक्य होतं, 'आबाजी रानात गेला.'

त्यानंतर वर्ग असा सुरळीत चालला की मला माझा वर्ग आटोपून कधी एकदा दोन वाजतात असं व्हायचं. पहिले तीन महिने विमलबाई सगळ्यांकडून एकत्र वाचून घेत. चौदा तोंडं एका सुरात म्हणत, "आबाजी रानात गेला. आबाजीने बैल सोडले." पुढेपुढे त्या एकेकीला उभं करू लागल्या, पण आबाजीचा धडा तोवर सगळ्यांचा पक्का झाला म्हणून त्यांनी पुढचे, चाकाचे आणि बाजाराचे धडे घ्यायला सुरुवात केली. त्या धड्यांत आबाजीला नुसतं 'तो' म्हटलेलं होतं, कारण अक्षरांची संख्या जुळवायची होती.

या वर्गात दाराशी बसायची ती कौशल्याबाई. ती बीडकडची. नवरा उद्धवराव पिंपरीच्या कारखान्यात लागलेला, आणि दोघं सोपानरावांच्या एका खोलीत राहत. वय असेल बावीस-तेवीस. वर्गाला ती महिनाभर उशिरा, नाव ठरल्यावर, आली होती म्हणून मागे बसली आणि मागेच राहिली. फारसं बोलत नसे. गावातल्या बायका तिची भाषा ऐकून हसतात असं तिला वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं. पण पाटीवर तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत नेटकं. विमलबाई तिच्या पाटीशी जरा जास्त वेळ थांबत.

परीक्षेचा दिवस फाल्गुनात आला. तोपर्यंत चौदापैकी दोघी माहेरी गेल्या होत्या आणि एकीचं बाळंतपण झालं होतं. उरल्या अकरा. दहा उतरायला हव्या होत्या. दिराचं पत्र येऊन पडलेलं होतं की पाडव्यानंतर येतो, सामान बांधून ठेवा. विमलबाईंनी सामान बांधलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अकराच्या अकरा वाचतात, गुरुजी. बांधून पुन्हा सोडत कुठे बसू?"

साहेब सकाळच्या गाडीने आले. उंच, चष्मा लावलेले, मितभाषी गृहस्थ. शाळेतर्फे साक्षीला मला बसवलं होतं. पहिला धडा प्रत्येकीकडून मोठ्याने वाचून घ्यायचा आणि मग पाटीवर चार शब्द लिहून घ्यायचे, असा त्यांचा क्रम होता. सावित्रीबाईंनी खणखणीत वाचलं. सोजराबाईंनी वाचून वर साहेबांना विचारलं की तुमच्या मालकीणबाईंना वाचता येतं का. साहेब पहिल्यांदा हसले.

चौथ्या नंबरला यशोदाबाई उभ्या राहिल्या. या वयाने सगळ्यांत मोठ्या. त्यांनी पहिला धडा एका दमात म्हटला. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पुस्तक हातात घेऊन तिसऱ्या धड्याचं पान उघडून परत दिलं. यशोदाबाईंनी त्या पानाकडे नीट बघत पुन्हा पहिलाच धडा म्हटला, एकही शब्द न चुकता. वर्गात कुठला धडा ते बाई आधी सांगत, म्हणून त्यांचं पाठांतर कधी उघडं पडलं नव्हतं. साहेबांनी फुली मारली. यशोदाबाई मला नंतर म्हणाल्या, की पाठ करायला जो त्रास झाला त्याची काही किंमत साहेबांनी केली नाही.

म्हणजे आता उरलेल्या सगळ्यांनी उतरायला हवं होतं. पुढच्या सहा जणी उतरल्या. नऊ झाल्या. शेवटी राहिली कौशल्याबाई.

ती उभी राहिली. पुस्तक उघडलं. पान समोर धरलं आणि काहीच बोलली नाही.

साहेबांनी वाट बघितली. मग म्हणाले, "वाचा बाई." ती पानाकडे बघत राहिली. साहेबांनी विचारलं, अक्षर ओळखू येत नाही का. तिने मान हलवली, येतं अशी. मग वाचा, साहेब म्हणाले.

मी विमलबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदा उतरलेला दिसला, पण तो घाबरून नव्हे. त्यांना कळलं होतं. ती वही त्यांनी बायकांना गोल बसवून भरली होती, प्रत्येकीने आपल्या उजवीकडच्या बाईच्या घरची नावं सांगितली होती. पण तेव्हा कौशल्याबाई वर्गात आलेलीच नव्हती. आली तेव्हा तिच्या नवऱ्याचं नाव कुणीतरी सांगितलं, उद्धवराव, आणि ते वहीत गेलं. सासरा बीडकडे होता. त्याचं नाव कासारवाडीत कुणाला माहीतच नव्हतं, तर सांगणार कोण? आणि एकत्र वाचताना चौदा तोंडांत एक तोंड प्रत्येक वेळी एका शब्दापुरतं मिटत होतं, हे कुणाच्या लक्षात येणार?

विमलबाई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, तिला वाचता येतं. त्या वाक्यातलं नाव तिच्या सासऱ्यांचं असणार. नाव मी निवडलं आणि तिला विचारायचं राहिलं. ही चूक माझी आहे, तिची नाही."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आपली अडचण सांगितली. नियम मोठ्याने वाचनाचा आहे. एकीला सूट दिली तर उद्या प्रत्येक गावात प्रत्येक बाई कुठल्या ना कुठल्या शब्दाला अडेल, आणि येत नाही की घेत नाही हे त्यांनी ओळखायचं कसं? मग थोडा विचार करून म्हणाले, "असं करा बाई. त्या नावाच्या जागी दुसरं कुठलंही नाव घाला आणि वाचा. मी समजून घेईन."

सगळ्यांना वाटलं, सुटलं. सोजराबाईंनी मागून सुचवलंसुद्धा, "म्हण मारुती रानात गेला."

कौशल्याबाईने पहिल्यांदा मान वर केली. "तसं कसं, साहेब? लिहिलंय एक अन् वाचू दुसरं? बाई म्हणत्यात, मग ते वाचणं नव्हं."

साहेबांनी विमलबाईंकडे बघितलं. विमलबाईंची नेमणूक, कासारवाडीतलं राहणं, सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं, आणि तिने तो शब्द बदलून म्हटला असता तर सगळं मिळणार होतं. पण त्या तिला तसं कर म्हणाल्या नाहीत. त्यांनी सहा महिने शिकवलं होतं त्याच्या उलट आज सांगणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

कौशल्याबाईने पुस्तक खाली ठेवलं आणि आपली पाटी घेतली. भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून लिहिलं. मग पाटी साहेबांच्या समोर धरली. पाटीवर तिच्या त्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'आबाजी'.

"हे हाय तिथं," ती म्हणाली. "त्याच्याफुडं, रानात गेला."

साहेबांनी जरा कुतूहलानेच विचारलं, "नाव घ्यायचं नाही, मग लिहिलेलं चालतं?"

"तोंडानं घेऊ नको, असं सासूबाईंनी सांगितलंय," कौशल्याबाई म्हणाली. "लिहू नको असं कुणी म्हणलं नाही. आमच्यात लिहिता येतंय कुणाला?"

उरलेला धडा तिने असाच वाचला. नाव आलं की पाटी वर करायची आणि उरलेलं वाक्य तोंडाने म्हणायचं. तिसऱ्या वेळी साहेब म्हणाले की आता पाटी दाखवायची गरज नाही, कळलं. तरी तिने शेवटपर्यंत दाखवली. साहेबांनी कागदावर बरोबरची खूण केली, मग त्याच ओळीत काही शब्द लिहिले. ते कचेरीने आम्हाला नंतर कळवले. त्यांनी लिहिलं होतं, 'वाचते आणि लिहिते, दोन्ही एकाच वेळी.'

दहा झाल्या. पण मला त्या दिवसातलं जास्त आठवतं ते साहेब उठायच्या आतलं. सोजराबाई पुढे सरकल्या, कौशल्याबाईच्या हातातली पाटी घेतली आणि पदराने पुसली. "आन हिकडं पेन्सिल," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि बराच वेळ लिहीत बसल्या. मग पाटी स्वतःच समोर धरून बघत राहिल्या. पाटीवर 'चिमाजी' होतं. छत्तीस वर्षं त्यांनी त्या घरात काढली होती. त्या म्हणाल्या, "दिसतंय असं व्हय." इतकंच. मग सावित्रीबाईंनी पाटी मागितली. त्यांनी बबन लिहिलं आणि पुढे 'बस' लिहिलं, आणि ते बघून त्यांना जे हसू आलं ते आवरेना. नापास झालेल्या यशोदाबाईंनीही पाटी घेतली. त्यांना अक्षरं येत नव्हती. त्यांनी विमलबाईंना जवळ बोलावलं आणि म्हणाल्या की आता मला पाठ नको, ह्यांचं नाव कसं लिहायचं तेवढं आधी शिकवा. नाव काय ते सोजराबाईंनी सांगितलं.

पाडव्यानंतर दीर आले. विमलबाईंनी त्यांना पुरणपोळी केली, नेमणुकीचा कागद दाखवला आणि संध्याकाळच्या गाडीला बसवून दिलं. त्या कासारवाडीत पुढे एकोणतीस वर्षं शिकवत राहिल्या. पिंपरी, दिघी, भोसरीच्या बायकाही त्यांच्याकडे येऊन गेल्या. त्यांची एक पद्धत पुढे सगळीकडे ठरून गेली: नव्या वर्गात 'अ'च्या आधी प्रत्येक बाईला तिला हव्या त्या माणसाचं नाव लिहायला शिकवायचं. अक्षरांचा क्रम त्यामुळे बिघडतो म्हणून कुणीतरी कचेरीतून हरकत घेतली होती. विमलबाईंनी उत्तर धाडलं की क्रम नंतर लावता येतो.

दुसऱ्या वर्षी त्यांनी नवं पुस्तक केलं. त्याच्याही नकला मीच केल्या. यावेळी नावं शोधायची नव्हती. जी वही आदल्या वर्षी नावं टाळण्यासाठी भरली होती, तीच त्यांनी समोर ठेवली आणि पहिल्या पानावर एक बैलगाडी काढली. त्या गाडीत बबन, सोपान, उद्धव, चिमाजी, आबाजी असे गावातल्या बायकांचे झाडून सगळे नवरे, सासरे आणि दीर बसवले आणि बाजाराला पाठवले. जोडाक्षरांची आता भीती नव्हती. मी लिहीत होतो. गाडी हाकणाऱ्याचं नाव त्यांनी भिकाजी असं लिहिलं होतं. हे नाव वहीत कुठे दिसेना, म्हणून मी विचारलं की हा कुणाच्या घरचा.

"माझ्या घरचा," विमलबाई म्हणाल्या. "हाकू दे त्यांना."

ते पान वर्गात कधी मोठ्याने वाचलं गेलं नाही. पहिल्या धड्याचा दिवस असला की फळ्यांपलीकडे एकदम शांतता व्हायची, आणि माझी मुलं चमकून माझ्याकडे बघायची. एकदा मी सहज दारातून डोकावलो होतो. पंधरा-सोळा बायका पुस्तकावर वाकून बसल्या होत्या. प्रत्येकीचं बोट त्या गाडीवरून हळूहळू सरकत होतं, आणि प्रत्येकीचं वेगवेगळ्या ठिकाणी थांबत होतं.